नेग्रातिन जलाशयाभोवती सायकल टूर: पाणी, चिखल आणि दिशा यांचा हिशोब

स्पेनच्या दक्षिणेला ग्रानादा प्रांतात नेग्रातिन नावाचं धरण आहे, ग्वादियाना मेनोर नदीवर, १९८४ सालचं. क्षमता सुमारे ५६७ दशलक्ष घनमीटर, म्हणजे आपल्या भाषेत वीस टीएमसी. पाणी एकदम निळंहिरवं, आणि भोवती बघाल तिकडे उजाड, घळी पडलेली, पांढरट-पिवळट-लाल माती. मॅपवर बघितलं की कुणालाही वाटतं की काठाकाठाने रस्ता असणार, आपण निवांत पॅडल मारत जाणार, वाटलं तर थांबून बाटली भरणार. तिथेच प्लॅन चुकायला सुरुवात होते, कारण रस्ते काठाने नाहीतच, ते वरच्या पठारावरून जातात आणि पाण्यापर्यंत यायचं तर घसरत खाली उतरायचं आणि तेवढंच परत चढायचं, आणि खाली पोचलात तरी ते पाणी पिण्याच्या कामाचं नाही. दिवसभर डोळ्यासमोर एवढं पाणी आणि बाटली रिकामी, हे या भागातलं रोजचं चित्र. म्हणून हा लूप किलोमीटरने प्लॅन करू नका, नळाने करा. कुठल्या गावात पाणी मिळणार, तिथून पुढचं गाव किती तास लांब, मधे सावली आहे का, हे आधी बसवा आणि मग किलोमीटर आपोआप बसतात.

हा भाग असा का झालाय ते थोडं माहीत असलं तर रूट वाचायला सोपं जातं. ग्वादिक्स-बासाचं खोरं हे कोणे एके काळी बंद खोरं होतं, नद्यांचं पाणी समुद्राला न जाता मधल्या तळ्यांमधे साठायचं, लाखो वर्षं तिथे गाळ, चिकणमाती, जिप्सम थरावर थर बसत गेले. मग साधारण पाच लाख वर्षांपूर्वी ग्वादाल्किविर नदीच्या बाजूने धूप होत होत हे खोरं फुटलं, पाण्याला बाहेर जायला वाट मिळाली आणि तेव्हापासून नद्या हा मऊ गाळ कापत सुटल्यात. चंबळचे बेहड ज्यांनी बघितलेत त्यांना अंदाज येईल, फक्त इथे रंग जास्त आणि झाडी जवळजवळ नाहीच. सगळा परिसर आता ग्रानादा जिओपार्कमधे येतो, युनेस्कोने २०२० मधे मान्यता दिली, ४७ गावं आहेत त्यात. ओर्से गावाजवळ तर चौदा लाख वर्षांपूर्वीच्या माणसाच्या वंशाचा दात सापडलाय, पण ओर्से आपल्या लूपच्या बरंच पूर्वेला आहे, वेळ असेल तरच.

सायकलवाल्यासाठी यातून दोन गोष्टी निघतात. एक, वरचं पठार सपाट आणि मधेमधे खोल कापलेलं, म्हणजे चढ लांबलचक नसतात, छोटे पण तिखट असतात आणि संपत नाहीत. दोन, माती मऊ आहे, कोरडी असली की मजा, ओली झाली की खेळ खल्लास. त्याच्यावर पुढे वेगळं लिहितो कारण ते महत्त्वाचं आहे.

कधी जायचं

एप्रिल, मे आणि ऑक्टोबर, बास. जून ते ऑगस्ट विसरून जा, चाळीसच्या आसपास पारा जातो आणि सावलीला झाड शोधायला निम्मा दिवस जाईल. हिवाळ्यात उलट प्रकार, बासा गाव साडेआठशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, रात्री शून्याखाली सहज जातं, दिवस छोटा असतो, पण आकाश स्वच्छ असतं आणि सिएरा नेवादावरचा बर्फ दिसतो, थंडी चालणाऱ्यांना तेही आवडेल. फेब्रुवारी-मार्चमधे बदाम फुलतात, तेव्हा हा सगळा रुक्ष परिसर थोडे दिवस गुलाबी-पांढरा होतो.

आता एक गोष्ट जी इकडून जाणाऱ्या जवळजवळ सगळ्यांच्या डोक्यात बसत नाही. आपल्याला सवय काय, पहाटे पाचला निघायचं, ऊन चढायच्या आत निम्मं अंतर कापायचं. स्पेनचं घड्याळ सूर्याच्या बरंच पुढे आहे. एप्रिलच्या मधे सूर्य उगवतो पावणेआठच्या सुमाराला आणि मावळतो पावणेनऊला, ऑक्टोबरच्या मधे तर उजाडायला सव्वाआठ होतात. म्हणजे पाचला निघालात तर तीन तास अंधारात कच्च्या रस्त्यावर. आणि सगळ्यात जास्त उकाडा दुपारी एक-दोनला नसतो, चार ते सहाच्या मधे असतो. तेव्हा उजाडताना निघा, दोनपर्यंत अवघड भाग संपवा, दोन ते साडेपाच गावात सावलीत काढा (तशीही तेव्हा दुकानं बंदच असतात), आणि उरलेले पंधरा-वीस किलोमीटर संध्याकाळी. संध्याकाळचा उजेड इतका वेळ पुरतो की घाई करायला लागत नाही, आणि लाल मातीचे रंगही तेव्हाच खरे दिसतात, दुपारी सगळं पांढरं भगभगीत.

सणांकडेही लक्ष ठेवा. ६ सप्टेंबरला बासामधे आणि ९ सप्टेंबरला ग्वादिक्समधे कास्कामोरास असतो, हजारो लोक अंगाला काळा रंग फासून रस्त्यावर धावतात, बघायला भारी, पण त्या दिवसांत खोली मिळणं अवघड आणि स्वच्छ सायकल घेऊन गावात शिरलात तर ती स्वच्छ राहणार नाही. एप्रिलअखेर सुहार आणि बेनामाउरेलमधे मूर आणि ख्रिश्चन लढाईचे खेळ असतात, तेव्हाही आधी बुक करा.

कुठल्या दिशेने फिरायचं

जलाशय साधारण पूर्व-पश्चिम पसरलाय. धरणाची भिंत पश्चिम टोकाला. दक्षिणेला फ्रेइला आणि सुहार, आग्नेयेला मोठं गाव बासा, पूर्वेला बेनामाउरेल, ईशान्येला कोर्तेस दे बासा, वायव्येला कुएवास देल काम्पो. (मॅपवर शोधताना लक्षात ठेवा, बासा आणि सुहार दोन्ही झेडने लिहितात आणि सुहारमधला ह म्हणजे जे.) दक्षिणेच्या बाजूने ए-३१५ हा डांबरी रस्ता बासा-सुहारवरून येतो, धरणाजवळ नदी ओलांडतो आणि कुएवास देल काम्पो करत पोसो आल्कोनकडे जातो. ही बाजू सोपी, गावं जवळजवळ, पाणी मिळतं. उत्तरेची बाजू, म्हणजे कुएवास देल काम्पो ते कोर्तेस दे बासा, ही मोकळी, शेतं, बदामाच्या बागा, घळी, छोटे रस्ते आणि कच्च्या वाटा, वस्ती तुरळक. पूर्ण फेरी कुठल्या फाट्याने वळता त्याप्रमाणे ऐंशी ते शंभर किलोमीटरच्या मधे कुठेतरी बसते.

माझं मत स्पष्ट आहे, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जा. पहिला मुक्काम फ्रेइलाला, जलाशयाच्या काठावर तिथे किनारा आणि कॅम्पिंग आहे, संध्याकाळी पोहून घ्या. दुसऱ्या दिवशी उजाडताना निघालात की धरण ओलांडून कुएवास देल काम्पोला नाश्त्याच्या वेळेला पोचता, तिथे बाटल्या भरायच्या आणि मग उत्तरेचा रिकामा पट्टा सकाळच्या गारव्यात संपवायचा. उलट्या दिशेने गेलात तर तोच पट्टा नेमका दुपारी येतो आणि धरणाजवळून वरचा चढ दिवसाच्या शेवटी, पाय संपलेले असताना. काही लोक सांगतात की उलट दिशेने फोटो चांगले येतात. येत असतील.

उत्तरेच्या पट्ट्यात दोन पर्याय. टायर रुंद असतील आणि गेल्या दोन दिवसांत पाऊस नसेल तर कच्च्या वाटांनी सरळ पूर्वेला, काम्पो कामाराच्या अंगाने कोर्तेस दे बासा. ट्रॅक आधी सॅटेलाइट इमेजवर झूम करून बघून घ्या, कारण मॅपवर दाखवलेली वाट कधीकधी शेताच्या बांधावर संपते किंवा घळीत खचलेली असते. पक्क्या रस्त्यानेच जायचं असेल तर लांबचा वळसा आहे, कुएवास देल काम्पोहून ए-३१५ ने पोसो आल्कोन, तिथून ए-३२६ ने कास्त्रिल आणि मग दक्षिणेला उतरत कोर्तेस दे बासा. हा वळसा मोठा आहे, चढही भरपूर, पण डोंगराच्या कुशीतून जातो, पोसो आल्कोनजवळ बोलेराचं धरण आणि कास्त्रिलजवळ पोर्तियोचं धरण लागतं, झाडी आहे, हवा गार आहे. बॅडलँड्स, म्हणजे ही घळींनी कापलेली उजाड जमीन, बघून डोळे दमले असतील तर हा दिवस औषधासारखा वाटतो. याला एक जास्तीचा मुक्काम धरा, कास्त्रिल त्यासाठी बेस्ट.

कोर्तेसवरून बेनामाउरेल आणि तिथून बासा किंवा थेट सुहार, हा भाग सोपा आहे, नदीकाठची हिरवी पट्टी आणि वर कोरडे कडे. बेनामाउरेलमधे गुहाघरात राहा. डोंगरात कोरलेली घरं, आत वर्षभर अठरा-वीस डिग्री, पंखा लागत नाही की हीटर, आणि सायकल आत घेऊन ठेवता येते. या पूर्ण भागात अशी घरं आहेत, ग्वादिक्समधे तर अख्खी वस्तीच्या वस्ती आहे, पण बेनामाउरेल शांत आहे.

सुहार, गरम पाणी आणि तो डोंगर

सुहारच्या वर हाबाल्कोन नावाचा एकटा उभा डोंगर आहे, सुमारे १४९० मीटर. गाव पावणेआठशेच्या आसपास, म्हणजे सातशे मीटरची चढाई, वर मेरीमातेचं छोटं चर्च आहे आणि तिथपर्यंत पक्का रस्ता जातो. सामान खोलीवर ठेवा आणि रिकाम्या सायकलने चढा, पॅनियर, म्हणजे कॅरिअरच्या बाजूच्या बॅगा, लावून हा चढ मारण्यात काही शौर्य नाही. वरून अख्खा जलाशय, त्याच्यामागे घळींचं जाळं, दक्षिणेला सिएरा दे बासा आणि हवा स्वच्छ असेल तर सिएरा नेवादा असं सगळं एका जागेवरून दिसतं आणि तेव्हा लूपची रचना खरी कळते. खरंतर जमलं तर हा डोंगर पहिल्याच दिवशी चढा, उद्या कुठून जायचंय ते सगळं वरून बघायला मिळतं, मॅपपेक्षा भारी. वारा मात्र वर जोरात असतो, पॅराग्लायडिंगवाले तिथूनच उडतात यावरून काय ते समजा, उतरताना रुंद हँडलबार घट्ट धरा आणि ब्रेक सतत दाबून ठेवू नका, थांबत थांबत या.

डोंगराच्या पलीकडच्या पायथ्याला, पाण्याच्या काठावर सुहारचे गरम पाण्याचे झरे आहेत. जुनी स्नानगृहं धरण भरल्यावर पाण्याखाली गेली, आता वर नवीन कुंड बांधलंय, समोर जलाशय. चढ उतरून आल्यावर पायांना याच्याइतकं सुख दुसरं नाही. उघडं आहे का आणि वेळ काय हे आदल्या दिवशी गावात विचारून घ्या. आणि खाली उतरणारा रस्ता परत चढायचाय हे कुंडात बसल्यावर विसरायला होतं, म्हणून सांगून ठेवतो.

गोराफे जोडायचं का

जोडायचंच. नुसता जलाशय फिरलात तर बॅडलँड्सचा सौम्य भाग बघितला, खरा माल पश्चिमेला गोराफेच्या उत्तरेला आहे, त्याला कोलोराओसचं वाळवंट म्हणतात, लाल कडे, खोल ओघळी, आणि त्यातून जाणाऱ्या कच्च्या वाटा. २०२० पासून ग्रानादाहून सुटणारी बॅडलँड्स नावाची ग्रॅव्हल अल्ट्रा रेस (कच्च्या रस्त्यांवरची लांब पल्ल्याची सायकल शर्यत) याच वाळवंटातून जाते, पहिल्या वर्षी ऑस्ट्रेलियाचा सायकलपटू लाखलन मॉर्टनने ती जिंकली, आणि तेव्हापासून हा भाग सायकलवाल्यांच्या नकाशावर आला. रेसवाले रात्रंदिवस चालवत सुटतात, आपल्याला ते काही करायचं नाही.

ग्वादिक्सला रेल्वे स्टेशन आहे, ग्रानादा-अल्मेरिया लाइनवर, म्हणून सुरुवात तिथून सोयीची. बेनालुआ, फोनेलास करत उत्तरेला, मग पुढे कच्च्या-पक्क्या रस्त्यांनी गोराफे. गोराफे गाव गोर नदीच्या खोल घळईत बसलंय, पठारावरून वळणावळणाने खाली उतरायचं. या घळईच्या दोन्ही अंगांना दोनशेच्या वर डोल्मेन आहेत, म्हणजे मोठमोठ्या शिळा उभ्या करून बांधलेली पाचेक हजार वर्षं जुनी थडगी, त्याचं माहितीकेंद्रही गावात आहे. गोराफेत मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी सकाळी कोलोराओस, मग बाकोर-ओलिवार गावावरून फ्रेइला. कोलोराओसमधे पाणी नाही. शून्य. गोराफेतून निघताना जेवढं लागतं त्याच्या दीडपट घ्या आणि गोराफेतल्या माणसाला, खोलीच्या मालकाला, कुणालाही सांगून निघा की कुठून कुठे चाललोय, घळींमधे मोबाइलची रेंज जाते.

म्हणजे पूर्ण टूर अशी बसते: ग्वादिक्स, गोराफे, फ्रेइला, कोर्तेस किंवा बेनामाउरेल, सुहार, बासा. पाच दिवस धरा, कास्त्रिलचा वळसा घेतलात तर सहा. तीन दिवसांतही होतं पण मग दुपारी चालवावं लागतं आणि तिथेच सगळं बिघडतं.

पाणी

चालवताना उन्हात तासाला पाऊण ते एक लिटर लागतं. उत्तरेच्या पट्ट्यासाठी आणि कोलोराओससाठी प्रत्येकी पाच-सहा लिटर न्यायची सोय हवी, फ्रेममधे दोन बाटल्या, फोर्कवर दोन, आणि एक घडी होणारी पिशवी जी रिकामी असताना जागा खात नाही. नुसतं पाणी पीत राहिलात तर डोकं दुखायला लागतं, ओआरएसची पाकिटं इकडूनच न्या, हलकी असतात.

गावात चौकात सार्वजनिक नळ किंवा कारंजं असतं, पाटी बघायची, पोताब्ले लिहिलं असेल तर प्या, नो पोताब्ले असेल तर डोकं भिजवा. पाटीच नसेल तर शेजारच्या बारमधे विचारा, म्हातारेकोतारे बसलेले असतातच. आणि फिल्टर घेऊन जाणाऱ्यांसाठी: फिल्टरने जंतू जातात, विरघळलेले क्षार जात नाहीत. इथली जमीन जिप्समची आहे, ओढ्यांचं पाणी खारट-कडवट असतं, त्यात शेतातली खतं-औषधं उतरतात, ते गाळून प्यायलात तरी पोट धरून बसाल. जलाशयाचं तेच. फिल्टर असू द्या, पण त्याच्या भरवशावर पाणी कमी घेऊ नका.

काठावर उतरायचं असेल तर वापरातल्या किनाऱ्यांवरच. पातळी खूप खालीवर होते, दुष्काळात पाणी मागे सरतं आणि मधे सुकलेला दिसणारा गाळाचा पट्टा राहतो, वरून भेगा पडलेल्या आणि आत लोणी. सायकल ढकलत त्यात शिरू नका.

चिखल

आता तो विषय. इथे वर्षाला जेमतेम तीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणून लोक म्हणतात पावसाची काय भीती. भीती पावसाची नाहीच, नंतरच्या मातीची आहे. अर्धा तास सर पडली तरी ही चिकणमाती टायरला गुंडाळली जाते, एका मिनिटात फोर्क (पुढचं चाक धरणारा दुबेळका) आणि चाकाच्या मधली जागा भरते, चाक फिरायचं थांबतं, आणि अशा वेळी माणूस काय करतो तर पॅडलवर जोर लावतो, मग डिरेलर (मागचे गिअर बदलणारा भाग) चाकात ओढला जातो आणि तो फ्रेमला धरून ठेवणारा हँगर तुटतो. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, बासामधे मिळेल या आशेवर राहू नका, स्पेअर घेऊनच जा.

पावसात सापडलात तर पॅडल बंद. उतरा. वाटेच्या कडेला जिथे गवताचे झुबके आहेत, एस्पार्तो म्हणतात त्या चिवट गवताला, त्यावरून सायकल ढकला, मुळांमुळे तिथली माती धरून असते. मडगार्ड असतील तर काढून टाका. जवळचा डांबरी रस्ता कुठे आहे ते आधीच मॅपवर मार्क केलेलं असू द्या आणि सरळ तिकडे निघा, ट्रॅक पूर्ण करायचा हट्ट नको. चिकटलेली माती ओली असताना हाताने काढायच्या भानगडीत पडू नका, अजून पसरते, थोडी सुकली की काडीने ढलपे निघतात. ऊन चांगलं पडलं तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाट चालण्याजोगी होते, ढगाळ असेल तर नाही, मग ए-३१५ जिंदाबाद.

याच्याहून धोकादायक म्हणजे रांब्ला, कोरड्या नद्यांची पात्रं. पुष्कळ ट्रॅक त्यातूनच जातात कारण घळींमधे तेवढीच सपाट जागा असते. लांब डोंगरात पाऊस पडला की इथे ऊन असतानाही लोंढा येऊ शकतो, विशेषतः सप्टेंबर-ऑक्टोबरच्या वादळी पावसात. स्पेनच्या हवामान खात्याचं, आएमेतचं, पिवळ्या-नारिंगी-लाल इशाऱ्यांचं पान रोज सकाळी बघायचं आणि नारिंगी असेल तर पात्रात शिरायचंच नाही, तंबू तर कधीच लावायचा नाही. तंबूवरून आठवलं, आंदालुसियात, म्हणजे ग्रानादा ज्यात येतं त्या राज्यात, कुठेही मोकळ्यावर तंबू ठोकायला परवानगी नसते, कॅम्पिंग किंवा खोली घ्या, आणि १ जून ते १५ ऑक्टोबर हा वणव्यांचा काळ मानतात, तेव्हा उघड्यावर जाळ नको म्हणजे नको, चहासाठीसुद्धा.

कड्यांच्या टोकावर फोटोसाठी उभं राहायची खोड असते आपल्याला. इथली माती आतून पोकळ होत जाते, पाणी भेगांतून शिरून खाली बोगदे करतं आणि वरचा भाग न सांगता बसतो. टोकापासून चार-पाच पावलं मागे राहा. आणि वाट सोडून उघड्या जमिनीवरून टायर नेऊ नका, तो काळपट खरबरीत थर असतो ना वर, ती जिवंत साय आहे, शेवाळ-दगडफुलांची, माती धरून ठेवते, एकदा चिरडली की भरून यायला वर्षानुवर्षं जातात.

सायकल

ग्रॅव्हल (कच्च्या रस्त्याची सायकल) किंवा हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक), टायर ४५ मिमीच्या खाली नको, ५० असतील तर सुखी. नुसता डांबरी वळसा घेणार असाल तर ३५ चालतील. ट्यूबलेस करून जा, कारण सराटे. होय, तेच आपले सराटे, रस्त्याकडेला आणि पडीक शेतात तिथेही वाढतात, ट्यूबवाल्यांची दिवसाला किती पंक्चर होतील याची गॅरंटी नाही. सीलंट, म्हणजे टायरमधलं भोक बुजवणारं द्रव, उन्हात लवकर सुकतं, निघण्याआधी ताजं भरा आणि छोटी बाटली जवळ ठेवा. सामान लावून गिअर एकास एक किंवा त्याहून हलका हवा, पुढे ३० दात मागे ४२ असं काहीतरी, चढ छोटे असतात पण सुट्या खड्यांवर उभं राहून पॅडल मारलं की मागचं चाक नुसतं फिरतं. चेनला कोरडं किंवा मेणाचं ल्यूब, तेलकट लावलं तर धुळीने तासाभरात करवत होते.

मॅपसाठी स्पेनच्या राष्ट्रीय भूगोल संस्थेचे १:२५,००० नकाशे फुकट आहेत, ते ऑफलाइन घेऊन ठेवा. लोकांनी टाकलेले ट्रॅक चांगले असतात पण कुठल्या महिन्यातले आहेत ते बघा.

रस्त्यावरचे नियम आणि माणसं

उजवीकडून चालवायचं, पहिले दोन दिवस प्रत्येक फाट्यावर मनात म्हणायचं. गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं, अंधार पडल्यावर दिवे आणि रिफ्लेक्टिव जॅकेट. गाडीवाल्यांनी ओव्हरटेक करताना दीड मीटर अंतर ठेवायचं असा कायदा आहे आणि बहुतेक जण पाळतात, आपल्याला सुरुवातीला विचित्रच वाटतं, मागून गाडी येते आणि हॉर्न न देता शांतपणे मागेच राहते. ए-९२एन या हायवेच्या नादी लागू नका, समांतर रस्ते शोधा. इमर्जन्सी नंबर ११२.

मेंढ्यांचे कळप दिसले की स्पीड कमी करा. सेगुरेन्या जातीची मेंढरं या भागाची ओळख आहे आणि त्यांच्याबरोबर धिप्पाड राखणीचे कुत्रे असतात. पळायचं नाही, उतरायचं, सायकल कुत्र्याच्या आणि आपल्या मधे ठेवायची आणि हळू चालत कळपाला वळसा घालायचा, धनगर असेल तर हाक मारायची. थंडीच्या मोसमात रविवारी शिकारी असतात, वाट अडवून शिकारीची पाटी लावलेली दिसली तर वाद न घालता मागे फिरा. नुसती कोतो अशी छोटी पाटी कुंपणावर सगळीकडेच असते, ती शिकारीच्या हद्दीची, सार्वजनिक वाटेवरून जायला त्याने अडत नाही.

खाण्याचं सांगायचं तर गावातलं दुकान दुपारी बंद, रविवारी बंद, म्हणून शनिवारी संध्याकाळी दोन वेळचं घेऊन ठेवा. ग्रानादा प्रांतात पेय मागवलं की सोबत एक छोटी डिश फुकट येते, दोन-तीन पेयांत (लेमनेडही चालतं) निम्मं जेवण होतं. शाकाहारी लोकांचे हाल आहेत हे मान्य करू, मांस नको म्हटलं तर ट्यूना येतो. तोर्तिया म्हणजे बटाट्याचं जाड ऑम्लेट सगळीकडे मिळतं, अंडं चालत असेल तर सुटलात. नसेल तर ब्रेड, टोमॅटो, चीज, ऑलिव, बदाम, आणि घरून आणलेली चटणी.

जाणं-येणं

शेंगेन व्हिसा लागतो, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, शेवटची मुदत पंधरा दिवस आधी पण तोपर्यंत थांबू नका, ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो, त्यात सायकलिंग धरलंय का ते नीट वाचा. स्वतःची सायकल न्यायची की तिथे भाड्याने, तर पाच-सहा दिवसांसाठी ग्रानादा किंवा मालागाहून भाड्याने घेतलेली बरी, मात्र साइज आणि टायरची रुंदी आधी मेलवर पक्की करा. पॅडल आणि सीट आपलं न्या.

परतीला बासामधे रेल्वे नाही, ग्वादिक्सवरून जाणारी जुनी लाइन १९८४ च्या शेवटी बंद झाली, आता तिच्या काही तुकड्यांवर सायकलवाट केलीय, बासाहून कानिलेसच्या बाजूला आणि पुढे अल्मान्सोराच्या खोऱ्यात. हातात दोन दिवस जास्त असतील तर तिकडे वळा, रेल्वेचा चढ असल्यामुळे पायाला जाणवतही नाही. नाहीतर बासाहून बसने ग्रानादा. बसमधे सायकल डिकीत जाते पण बॅगेत घातलेली हवी, हलकी सायकल बॅग जवळ ठेवा किंवा गावातल्या सायकल दुकानातून जुना खोका मागून घ्या. ट्रेनने जायचं तर सायकलची जागा मर्यादित असते, तिकिटाबरोबरच बुक करा. खोक्यात घालायच्या आधी सायकल धुवायची तर पेट्रोल पंपावरचं प्रेशर वॉशर बीबी (पॅडलच्या दांड्याचं बेअरिंग), हब आणि हेडसेटवर (हँडलचं बेअरिंग) मारू नका, ही माती बारीक आहे, पाण्याबरोबर बेअरिंगच्या आत जाते. सुकू द्या, ब्रशने झाडा, मग ओल्या फडक्याने पुसा.